सुमनाक्काचं व्हय, गंगव्वाचं न्हाय

कडक भाकरी डब्यात नीट रचली तर महिनाभर टिकते. आमच्या केंद्रातले किस्से त्याहून जास्त टिकतात. भाकरीचं एक बरं असतं, गिऱ्हाईक येतं आणि घेऊन जातं. किस्से कोण नेणार? ते आमच्याकडंच साठतात. परवा नवऱ्यानं विचारलं, "दिवसभर भाकऱ्या करता का नुसत्या हसता?" म्हटलं, हातानं भाकऱ्याच करतो, तोंड मोकळं असतंय की!

आमचं भाकरी केंद्र बेळगावात, अनगोळला. एक खोली, पुढं पत्र्याची शेड, मधोमध एक लांब लाकडी टेबल. टेबलाभोवती आम्ही तिघी. मालकीण सुमनाक्का. तिला जगात वाईट असं काही दिसतच नाही. तिच्यासमोर गंगव्वा. तिला चांगलं काही दिसलं तरी ती सांगत नाही. आणि मधे मी, रूपा. माहेर निपाणीकडचं, शिक्षण सातवी, आणि धंदा काळजी करायचा. गॅस बंद केला का, दाराला कडी लावली का, पोरगी शिंकली ती एकदा का दोनदा, सगळ्याचं मला टेन्शन.

सुमनाक्काचा आवाज आधीच सांगून ठेवते. ती फोनवर बोलायला लागली की आप्पा, म्हणजे तिचे यजमान, म्हणतात, "फोन कशाला धरलीस? नुसतं दारात उभा राहून बोल, पोचतंय!"

*

मी पहिल्या दिवशी आले तेव्हा तनू, माझी लेक, वर्षाची होती. घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून कडेवर घेऊनच आले. मनात धाकधूक, ठेवून घेतील का नाही. सुमनाक्का म्हणाली, "आण की! टेबल एवढं लांब हाय, एक टोक तिचं!"

मी पहिली भाकरी थापली. एकीकडं जाड, एकीकडं फाटलेली.

सुमनाक्का टाळ्या वाजवायचीच राहिली. "अगं बाई, काय येगळा आकार हाय! असली दुसऱ्या कुणाला जमायचीच न्हाय!"

गंगव्वानं भाकरी उचलून उजेडाकडं धरली. भोकातनं रस्त्यावरची रिक्षा दिसत होती.

"म्हशीला," ती म्हणाली.

माझ्या डोळ्यात पाणीच आलं. "मला जमंल का हो हे?"

"ही न्हाय. फुडची." आणि तिनं माझा हात धरून पिठावर दाबला. "बोटांनी न्हाय. हितनं. तळव्याच्या बुडातनं."

पुढचीही जमली नाही. सतरावी जमली. सुमनाक्कानं ती कुणाला विकली नाही. दिवसभर चटणीच्या बरणीला टेकवून उभी करून ठेवली, आल्यागेल्याला दाखवायला!

*

केंद्राचा बोर्ड सुमनाक्कानं हौसेनं रंगवून घेतला. वर कन्नडात नाव, खाली मराठीत, आणि त्याच्या खाली दोन्हीत ठळक लिहिलेलं, 'शाखा क्रमांक १'.

"दुसरी कुठाय?" गंगव्वानं विचारलं.

"व्हईल की!"

"कधी?"

"बोर्डावर एक लिहिलंय म्हटल्यावर दोन व्हायलाच पायजे!"

एकदा हिंडलग्याचं एक गिऱ्हाईक आलं. "आम्हाला हे लांब पडतंय हो. तुमची दोन नंबरची शाखा कुठं आली?"

सुमनाक्का जरासुद्धा गडबडली नाही. "तुम्हाला कुठं जवळ पडंल सांगा, तिथंच काढू!"

तो माणूस खरंच विचार करायला लागला. गंगव्वा तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "तवर हितनंच न्या. किती बांधू?"

*

गंगव्वा खासबागेची. घरात पिढ्यान्‌पिढ्या माग. आधी हातमाग, मग पॉवरलूम. घरी कन्नड बोलतात, मराठी ती बाजारात शिकली. शब्द मोजून टाकते. एखादं गिऱ्हाईक "मऊ भाकरी उद्यापर्यंत मऊच राहील ना?" असं विचारतं, त्याला गंगव्वाचं उत्तर, "न्हाय. आजच खा."

मी एकदा धीर करून म्हटलं, "गंगव्वा, माणसांशी जरा गोड बोलावं की हो."

तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, मग म्हणाली, "गोड बोलायला शब्द लई लागतात. माझ्याकडं मराठीतले तेवढे न्हाईत."

मला इतकं वाईट वाटलं! बिचारीला भाषेची अडचण, आणि आपण तिला बोल लावला. संध्याकाळी तिची सून न्यायला आली, तिला मी हे सांगितलं.

सून हसायलाच लागली. "कन्नडातबी तेवढेच हाईत, आक्का!"

*

एका लग्नाची तीनशे कडक भाकऱ्यांची ऑर्डर होती. ऑर्डरी पोचवायचं काम आप्पांचं, त्यांच्या जुन्या स्कूटरवरनं. मंगल कार्यालयात डबे उघडले तर निम्म्या भाकऱ्यांचे तुकडे. मला घामच फुटला.

सुमनाक्का पुढं झाली. "मुद्दाम केलंय हो! पंगतीत एकेक तोडत बसायचं म्हणजे पाहुण्यांचा वेळ जातोय. म्हणून तोडूनच आणल्या!"

नवरीच्या मामांनी गंगव्वाकडं बघितलं. "खरं का?"

"न्हाय. खड्ड्यात मोडल्या. चव तीच हाय."

मामांनी एक तुकडा तोंडात टाकला, आणि लगेच दुसरा घेतला. दोन महिन्यांनी त्याच घरातनं फोन आला. थोरल्या सुनेच्या बाळाच्या बारशाला भाकऱ्या पाहिजेत, पण मागच्यासारख्या तोडलेल्याच पाठवा, पोरांना घ्यायला बरं पडतंय!

गंगव्वा म्हणाली, "तसली ऑर्डर घिऊ नका. खड्डा काय रोज गावत न्हाय."

"ह्या रस्त्याला?" सुमनाक्का म्हणाली. "गावतोय की गं! तू नको काळजी करू!"

*

त्याच खड्ड्यानं पुढं आप्पांना पाडलं. पाय मोडला, प्लास्टर घातलं. बघायला येणाऱ्यांची रीघ. सुमनाक्का खाटेजवळ बसून प्रत्येकाला सांगायची, "बरं झालं, जरा आराम तरी गावला. महिन्यात पळायला लागतात बघा!"

गंगव्वा आली. पायाकडं बघितलं. "वय?"

"बासष्ट," आप्पा म्हणाले.

"मग पयल्यासारखा न्हाय व्हायचा."

सुमनाक्का चिडली. "अगं, आजाऱ्याजवळ असं बोलतात व्हय?"

पण आप्पाच हसायला लागले. "गंगव्वा, बसा तुम्ही. सकाळपासनं बारा जणांनी सांगितलं, पळशील, पळशील. अहो, पडायच्या आधी तरी मी कुठं पळत होतो!"

दुसऱ्या दिवसापासनं गंगव्वा खासबागेतनं नाचणीची आंबील घेऊन यायला लागली. आधी आप्पांच्या घरी, मग केंद्रात. प्लास्टर निघेपर्यंत एक दिवस चुकवला नाही. आंबील ठेवायची, कालचा तांब्या उचलायची, निघायची.

पाय खरंच पहिल्यासारखा झाला नाही. आप्पा जरा लंगडतात. सुमनाक्का म्हणते, "चालण्यात ऐट आलीया!"

*

आता तनूचं सांगते. हाही किस्सा आमच्या त्या टेबलावरचाच आहे.

तनू दीड वर्षाची झाली तरी तोंडातनं शब्द नाही. आई नाही, पाणी नाही. शेजारची तिच्याएवढी पोर "दूध नको" म्हणून रडायची आणि मला वाटायचं, माझी नुसतं "नको" म्हणाली तरी मी पेढे वाटीन. नवरा म्हणायचा, मीबी उशिराच बोललो. सासू म्हणायची, नजर लागली असंल. मी रोज सकाळी केंद्रात आल्या आल्या सुमनाक्काला विचारायची, "आक्का, हिला ऐकू येतंय न्हवं?"

"येतंय की! हे बघ!"

आणि ती टेबलावर जोरात भाकरी थापायची. थप! टेबलाच्या टोकाला बसलेली तनू खदखदा हसायची, पिठाचे हात आपटायची.

"ऐकलं का न्हाय? शंभर टक्के ऐकलं! उशिरा बोलणारी पोरं फुडं वकील व्हतात, लिहून ठेव!"

माझा जीव भांड्यात पडायचा. तो दुसऱ्या दिवसापर्यंत. दुसऱ्या दिवशी परत विचारायचं, परत थप, परत हसू. असे आठ महिने गेले.

एक दिवस दुपारी काम कमी होतं. गंगव्वानं हात पुसले. तनूला टेबलावरनं उचललं आणि कोपऱ्यात फरशीवर बसवलं, आमच्याकडं पाठ करून. हातात डब्याचं झाकण दिलं.

"आता थाप," ती सुमनाक्काला म्हणाली.

थप. तनू झाकण फिरवत होती.

"जोरात."

थप! थप! झाकण फिरतच होतं.

गंगव्वानं परात उचलली, तनूच्या मागं जाऊन उभी राहिली आणि उलथन्यानं परात बडवली. मी कानावर हात ठेवले. रस्त्यावरनं चाललेला माणूस थांबून आत बघायला लागला. तनूनं मान वळवली नाही.

मग गंगव्वानं तिला परत टेबलावर बसवलं, पाठ आमच्याकडंच ठेवून, आणि अगदी हळू, कुणाला ऐकूसुद्धा जाणार नाही अशी एक भाकरी थापली.

तनू खदखदा हसली.

"कानानं न्हाय," गंगव्वा म्हणाली. "बुडानं. लाकूड हलतंय, ते तिला कळतंय."

तिनं परात जागेवर ठेवून दिली.

"आमच्या घरात मागाच्या खडखडाटानं निम्मी माणसं बहिरी हाईत. ऐकू न आलेलं माणूस कसं हसतंय ते मला ठाऊक हाय. दवाखान्यात ने. उद्याच."

मी काय केलं असेल? मी सुमनाक्कावर ओरडले. "तुमच्यामुळं झालं! रोज आपलं येतंय की, येतंय की! आठ महिने घालवलासा माझ्या पोरीचे!"

सुमनाक्काचा हात पिठात तसाच राहिला.

उत्तर गंगव्वानं दिलं, मला. "आणि रोज इचारत कोण हुतं?"

*

दवाखान्यात मी एकटी जाणार होते. गेटपाशी बघते तर दोघी उभ्या. केंद्राला कुलूप लावून आलेल्या.

तनूला औषध पाजून झोपवलं, डोक्याला वायरी लावल्या. एवढ्याशा डोक्याला एवढ्या वायरी! तपासणी झाल्यावर डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवलं आणि सरळ सांगितलं, "दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतंय. मशीन देऊ. तीन महिने रोज लावायचं आणि तिच्याशी बोलत राहायचं. उपयोग झाला तर चांगलंच. नाही झाला तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल."

"बोलंल का ही?" मी विचारलं.

"आत्ता सांगता येत नाही. तीन महिन्यांनी बघू."

बाहेर बाकड्यावर बसलो. तनू माझ्या मांडीवर अजून झोपलेली. मी सुमनाक्काकडं बघितलं. खरं सांगते, त्या घटकेला मला डॉक्टर नको होती, रिपोर्ट नको होता, मला सुमनाक्काचं 'व्हय' पाहिजे होतं. ती मात्र पदराचं टोक पिळत बसली होती.

"आक्का, बोला की काहीतरी," मी म्हटलं.

"मी काय बोलू गं? माझ्या बोलण्यानंच घोटाळा झाला न्हवं?"

गंगव्वा उठली, रिपोर्टची पिशवी काखेत मारली. "बोल गं. डॉक्टर काय म्हणाली? पोरीसंगं बोलत ऱ्हायचं. ह्या कामाला तुझ्याएवढं माणूस अख्ख्या बेळगावात गावायचं न्हाय!"

*

मशीन आलं. कानामागं बसणारं, बोराएवढं, एकेका कानाला एकेक. मी घरात कसं तरी लावायची, केंद्रात आल्यावर सुमनाक्काची ड्यूटी सुरू. एकीकडं भाकरी, एकीकडं बोलणं. "तनूऽऽ, ही बघ भाकरी! गोल गोल भाकरी! ही कुणाला? ही आप्पाला! आप्पा कसा चालतोय? ऐटीत चालतोय!" सकाळी जे सुरू व्हायचं ते दुपारच्या जेवणापर्यंत.

आणि तनू मशीन काढून टाकायची. लावलं की काढ, लावलं की काढ. एकदा पिठात टाकलं, एकदा चटणीत. तीन महिन्यांतला एक महिना असाच गेला.

"घेतच न्हाय हो ही," मी म्हणायची. "हिला काय उपयोग न्हाय ह्याचा."

"सवय व्हईल की!" सुमनाक्का म्हणायची. पण आता ते म्हणताना ती चोरून गंगव्वाकडं बघायची.

गंगव्वा मात्र नुसतं बघत होती. भाकरी करता करता चार दिवस बघत होती.

पाचव्या दिवशी तिनं हात पुसले. तनूला उचललं. त्याच कोपऱ्यात, त्याच फरशीवर, पाठ आमच्याकडं. हातात तेच झाकण.

"नको गंगव्वा. परत तसलं नको."

"गप."

तिनं तनूच्या दोन्ही कानांना मशीन लावलं. मग सुमनाक्काकडं वळली. "तूबी गप. एक शब्द न्हाय."

सुमनाक्का गप्प राहिली. केंद्रात गॅसचा तेवढा आवाज. तनू झाकण फिरवत बसली. बराच वेळ. मशीन कानावर तसंच.

"आता बोल."

"तनूऽऽ," सुमनाक्कानं सुरू केलं, "माझी बाय ती! भाकरी खाणार का? गोल गोल भाकरी! मोठी झाल्यावर काळा कोट घालणार का? कोर्टात जाणार का?"

तनूनं झाकण खाली ठेवलं. उजव्या कानावरचं काढलं. डाव्या कानावरचं काढलं. दोन्ही झाकणात नीट ठेवून दिली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"गप," गंगव्वा म्हणाली, आणि परत मशीन लावलं. तनूनं लावून घेतलं. सगळं शांत. झाकण फिरायला लागलं.

"बोल."

"तनूऽऽ, आगं माझ्या वकीलसायबा—"

उजवं काढलं. डावं काढलं. झाकणात.

माझ्या हातात पिठाचा गोळा होता. तो कधी खाली पडला मला कळलं नाही.

गंगव्वानं तिसऱ्यांदा मशीन लावलं आणि तशीच तनूच्या शेजारी फरशीवर खाली बसली. आमच्याकडं गॅस आहे, धूर नसतो. तरी तिनं पदरानं डोळे पुसले.

आणि सुमनाक्का! त्या पोरीनं एकदा नाही, दोनदा सगळ्यांदेखत जिचं बोलणं बंद केलं होतं, तिनं पिठाचे दोन्ही हात वर केले आणि रस्त्यावरच्या रिक्षा थांबतील अशा आवाजात ओरडली,

"बघितलीस न्हवं रूपा? मी म्हटलंच हुतं! येतंय की गं ऐकू!"

फरशीवर बसलेल्या तनूचा हात परत कानाकडं गेला.